एस्केप रूममधलं जात्याचं कोडं: लोक हातच लावत नाहीत

बिजागरी

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही तिघं मिळून एक एस्केप रूम (खोल्यांत फिरून कोडी सोडवायचा खेळ) उभी करतोय. विषय वाड्याचा. १९३०-३५ च्या सुमारास एक कुटुंब घाईघाईने वाडा सोडून गेलंय, ते का गेलं हे खेळणाऱ्यांनी साठ मिनिटांत शोधायचं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशा तीन खोल्या, एका वेळी चार ते सहा जण. ओसरी-माजघराची कोडी बऱ्यापैकी बसली आहेत. अडलंय स्वयंपाकघरात, आणि नेमकं तिथलंच कोडं माझ्या जिवाचं आहे.

खोलीच्या मधोमध जातं आहे. ते फिरवलं की भिंतीतून बाईच्या आवाजात ओव्या ऐकू येतात, पण लय धरली तरच. अडीच सेकंदांना एक फेरा, या बेताने सलग सहा फेरे झाले पाहिजेत. गरगर फिरवलं तर नुसती घरघर, रेंगाळलं तरी नुसती घरघर. ओव्या चार आहेत. ‘पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी’ या आपल्या जुन्या मोजणीमुळे क्रम आपोआप कळतो, आणि प्रत्येक ओवीत घरातली एक जागा येते: तुळस, आड, देवघर, उंबरा. पहिली अशी आहे:

पहिली माझी ओवी गं, तुळशीच्या पायापाशी
दिवा ठेवीला अंगणी, सांज आली वाड्यापाशी

फडताळात चार खुंट्या आहेत, त्यांच्यावर ही चार चित्रं कोरली आहेत. ओव्यांच्या क्रमाने खुंट्या ओढल्या की तळाचा चोरकप्पा उघडतो.

यंत्रणा थोडक्यात: वरची पाळी फायबरची, आतून पोकळ, वरून दगडासारखी रंगवलेली. खाली बेअरिंग, आणि हाताला जड लागावं म्हणून नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी. पाळीच्या पोटात चार चुंबक, तळीत हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की ओळखणारा), म्हणजे एका फेऱ्याला चार ठोके. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर ते मोजतो आणि लय जुळली की डीएफप्लेअरला, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या छोट्या बोर्डाला, गायला सांगतो. कुठल्याही दिशेने फिरवलं तरी चालतं.

गेल्या आठवड्यात ओळखीतले सहा गट बोलावून चाचणी घेतली. चार गटांनी जात्याला हातही लावला नाही. त्यातल्या एका गटाने तर त्याच्यावर सापडलेले कागद पसरले, टेबल म्हणून. पाचव्या गटातल्या मुलाने चाळीस सेकंद भिंगरीसारखं फिरवलं, काही होत नाही म्हणाला आणि सोडून दिलं. सहाव्या गटात पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्या काही न बोलता एक पाय लांब करून खाली बसल्या, खुंटा धरला आणि संथ दळायला लागल्या. आवाज उमटला तेव्हा खोलीतलं सगळं बोलणं थांबलं. शेवटच्या ओवीपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

मला तो क्षण प्रत्येक गटाला द्यायचाय. ‘जातं फिरवा’ अशी पाटी न लावता त्यांना जात्यापर्यंत कसं आणू?

पागोळी

वाचतेय. काय सुंदर कल्पना आहे! अंगावर काटा आला. माझ्याकडे उत्तर नाही, पण धागा वाचनखुणेत ठेवलाय.

सोल्डरवाला

ताई, कोडं फार आवडलं. मी रंगमंचाच्या आणि संग्रहालयाच्या प्रदर्शनांची इलेक्ट्रॉनिक्स करतो, तेव्हा माझ्या बाजूने बोलतो.

तुमचा खरा धडा त्या पाचव्या गटात आहे. पोराने तर जातं फिरवलं होतं! म्हणजे तो उत्तराच्या दारात उभा होता, आणि जात्याने त्याला काहीच सांगितलं नाही. चुकीच्या प्रयत्नालाही काहीतरी उत्तर मिळालं पाहिजे. आत्ता तुमचा प्रोग्राम ‘जमलं’ आणि ‘नाही जमलं’ एवढंच ओळखतो. डीएफप्लेअरला गाण्याचा वेग बदलता येत नाही, पण आवाजाच्या ० ते ३० पायऱ्या आहेत. त्या वापरा. पहिल्या फेऱ्यालाच कुणीतरी दूरवर गुणगुणतंय असा आवाज येऊ दे, शब्द कळणार नाहीत इतका बारीक. तुमच्या हिशोबाने दर ६२५ मिलिसेकंदांना एक ठोका पडायला हवा. ठोके त्याच्या जवळ गेले की आवाज वाढव, लांब गेले की मागे घे. मग हात आपोआप लय शोधतो, कुणी सांगावं लागत नाही.

आणि सहा फेऱ्यांत एखादा ठोका चुकला तर मोजणी शून्यावर नेऊ नका, एक पायरी खाली आणा. शून्यावर गेलं की माणूस चिडतो.

रच्याकने (बाय द वे), चोरकप्प्याला सोलेनॉइड (विजेवर चालणारी कडी) लावलाय का? त्याच्या दोन टोकांना डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडलाय ना? नाहीतर कप्पा उघडताना जो झटका बसतो त्याने कंट्रोलर मधेच रीसेट होतो आणि बाई अर्ध्या ओवीत गप्प होतात.

बिजागरी

@सोल्डरवाला, अगदी हेच झालं! तिसऱ्या ओवीला गप्प. आम्ही दोन दिवस स्पीकरच्या वायरी तपासत होतो. डायोड नव्हता. आज लावते. गुणगुणण्याची कल्पना तर लाखमोलाची.

संत्रानगरी

हात का लावत नाहीत याचं कारण मला वाटतं सोपं आहे. लहानपणापासून जुनी वस्तू दिसली की ‘हात लावू नको रे, फुटंल’ हेच ऐकलंय आपण. संग्रहालयात दोरी, वाड्यात दोरी, किल्ल्यावर पाटी. त्यात एस्केप रूमवाले खेळाआधी पुन्हा सांगतात की जड वस्तू उचलू नका, काही तोडू नका. मग मधोमध ठेवलेला दगड ही सजावटच वाटणार ना.

आधीच्या दोन खोल्यांत जुन्या, जड वस्तूला हात लावायची सवय लावून द्या. ओसरीवर एखादा पाटा-वरवंटा ठेवा, वरवंटा सरकवला की खाली काहीतरी सापडतं. मग स्वयंपाकघरात आल्यावर हात आपोआप जाईल जात्याकडे.

टोरांटोकर

संत्रानगरींशी सहमत. पहिलं सोपं कोडं खेळणाऱ्याला पुढच्या अवघड कोड्याची भाषा शिकवतं.

मी इकडे ओंटारिओत गेली सात-आठ वर्षं हौसेने एस्केप रूम खेळतोय. आमच्या प्रांतातच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात स्कॉट निकल्सन म्हणून खेळांचे प्राध्यापक आहेत. २०१५ साली त्यांनी जगभरातल्या १७५ ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध केली होती. नंतर त्यांनी जो आग्रह धरला तो मला तुमच्या कोड्यासाठी महत्त्वाचा वाटतो: प्रत्येक कोड्याला ‘का’ विचारा. ही वस्तू या घरात का आहे? हे कुलूप कुणी घातलं, कशासाठी? त्याचं उत्तर कथेत नसेल तर खेळणारा खोलीत राहत नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसतो.

तुमच्या जात्याला ‘का’ची काहीच अडचण नाही, स्वयंपाकघरात जातं असणारच. पण ते आत्ता, या क्षणी का फिरवायचं? माझं उत्तर असं: घर घाईने सोडलंय ना? मग दळण अर्धं राहिलेलं दाखवा. पाळीभोवती पीठ सांडलेलं, शेजारी सुपात उरलेले जोंधळे, पाळीच्या तोंडात दाण्यांची शेवटची मूठ अडकलेली. अर्धं टाकलेलं काम दिसलं की माणसाला ते पुरं करावंसं वाटतं.

हा प्रकार सुरू कसा झाला तेही इथे सांगून ठेवतो, कुणाला हवं असेल तर. २००७ मध्ये क्योतोत ताकाओ काटो यांच्या स्क्रॅप या कंपनीने कॉम्प्युटरवरचे ‘खोलीतून सुटा’ खेळ प्रत्यक्ष खोलीत आणले. २०११ मध्ये बुडापेस्टला पारापार्क सुरू झालं आणि तिथून युरोपभर लाट आली. सुरुवातीच्या बऱ्याच खोल्या म्हणजे कुलपांची आणि किल्ल्यांची रांग असायची. तुमच्यासारखं कोडं, ज्यात एका हरवलेल्या कामाची लय हाताला सापडते, मी अजून कुठे खेळलेलो नाही.

उंबरठा

‘अर्धं राहिलेलं दळण’!!! टोरांटोकर, टाळ्या.

खारवाट

कल्पना चांगली, पण खरे जोंधळे नि खरं पीठ अजिबात नको. आठवड्यात पोरकिडे, पंधरा दिवसांत उंदीर. आमच्याकडे रत्नागिरीत एका पर्यटक निवासात खजिना शोधायचा खेळ बसवला होता, त्यात खऱ्या सुपाऱ्या नि तांदूळ ठेवले. जुलैत डबा उघडला तर आत नुसती हालचाल.

पीठ म्हणजे पांढरी रांगोळी गोंदात कालवून जमिनीवर पक्की करा, वरून मॅट लॅकर. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर वाईट. जोंधळ्यांच्या जागी मातीचे मणी.

दुसरं, चोरकप्पा कशाचा केलाय? एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) असेल तर पावसाळ्यात रडाल. आमचा कप्पा फुगून बसला, कुलूप उघडलं तरी कप्पा हलेना, आणि पाहुण्यांनी ओढून कडीच हातात काढून घेतली. मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) घ्या, चहूबाजूंनी तीन मिलीमीटर फट ठेवा, आणि मागे स्प्रिंग लावा. कुलूप सुटलं की कप्पा बोटभर पुढे यायलाच हवा. ‘टक्’ आवाज झाला तर उत्तम. लोकांना कळलं पाहिजे की काहीतरी उघडलं, आणि कुठे उघडलं.

पावकी_निमकी

सगळे जात्यावर बोलताय, मी फडताळावर बोलतो. माझा विषय गणित.

चार खुंट्या, प्रत्येक एकदा ओढायची, म्हणजे क्रम किती? ४ × ३ × २ × १ = २४. एक प्रयत्न पाच सेकंदांचा धरला तरी दोन मिनिटांत संपलं. चार मित्रांत एक तरी असा असतोच जो कोपऱ्यात बसून खुंट्या ओढत राहतो. तुमचं जातं न फिरवताच चोरकप्पा उघडेल, आणि ओव्या कुणी ऐकणारच नाही!

आकडी कुलपाचंही तसंच. तीन आकड्यांचं कुलूप म्हणजे हजार शक्यता, ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दोन आकडे कळले की उरतात फक्त दहा. मग तिसरा आकडा कुणी शोधत बसत नाही.

उपाय एक: ओव्या सहा करा आणि दोन जागा पुन्हा येऊ द्या. चार खुंट्या, सहा वेळा ओढायच्या, म्हणजे ४ चा सहावा घात, ४०९६. उपाय दोन: ओव्या वाजल्याशिवाय प्रोग्रामने खुंट्यांकडे लक्षच देऊ नये.

सोल्डरवाला

काका, उपाय एक ठीक, उपाय दोन करू नका. समजा कुणी ओव्या न ऐकता योगायोगाने बरोबर क्रम ओढला आणि काही झालं नाही. मग तो गट तो क्रम कायमचा बाद धरतो. नंतर ओव्या ऐकून तोच क्रम मिळाला तरी म्हणतात, ‘हे करून झालं, नाही चालत.’ मी असा एक गट वीस मिनिटं हाल होताना बघितलाय, फार वाईट वाटतं. बरोबर उत्तर दिलं की दार उघडलंच पाहिजे. ते आधी मिळू नये असं वाटत असेल तर खुंट्याच आधी दिसू देऊ नका.

पावकी_निमकी

हे पटलं. फडताळाची दारंच बंद ठेवा, चौथी ओवी संपता संपता ती उघडू द्या. माझा उपाय दोन मागे घेतो.

बिजागरी

काका, २४ चा हिशोब मी केलाच नव्हता. लाडक्या कोड्याला आपण असं तपासत नाही बहुतेक. फडताळाची दारं ओवीनंतर उघडायची, हे पक्कं.

मोडीवेडा

अवांतर, पण विषयाला धरून. वाडा म्हणताय तर मोडीतलं एखादं पत्र ठेवा की! आणि करपल्लवी? बोटांच्या खुणांनी बोलायची आपली जुनी युक्ती, डोळ्यांनी बोलायची ती नेत्रपल्लवी. महानुभावांनी तर पोथ्याच्या पोथ्या सकळ, सुंदरी असल्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. कोड्यांसाठी आपल्याकडे खजिना पडलाय आणि लोक परदेशी गुप्तलिप्यांच्या मागे लागतात. एक भिंतीवरचं चित्र, चार माणसं, चौघांची बोटं वेगवेगळी. बस्स, संदेश तयार.

उंबरठा

मोडी किती जणांना वाचता येते हो? मला नाही येत.

मोडीवेडा

यायची गरज नाही. किल्ली त्याच खोलीत द्यायची: मुलाने गिरवलेली पाटी, वर मोडी, खाली बाळबोध. बाहेरून आणलेलं ज्ञान कोड्याला लागू नये, हा नियम मलाही मान्य आहे. पण एक पानभर पत्र देऊ नका, चार शब्दांचं द्या. मोडीत शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं लोंबत जातात, नवख्याला सुरुवात कुठे हेच कळत नाही. चार शब्द वाचता आले तर माणूस हरखून जातो, पानभर दिलं तर हात जोडतो.

रात्रीचा_पाहुणा

मला वाटतं मूळ थरारच हरवतोय. दार बाहेरून कडी लावून बंद करा आधी. बंदिस्त झाल्यावर माणूस जात्यालाच काय, भिंतीलाही हात लावतो. आम्ही कॉलेजच्या महोत्सवात तसंच केलं होतं, लोक वेडे झाले होते.

घाटपायथा

नाही. अजिबात नाही. हे वाचून मुद्दाम लॉगिन केलं.

४ जानेवारी २०१९, पोलंडमधलं कोशालिन गाव. पंधरा वर्षांच्या पाच मुली, त्यातल्या एकीचा वाढदिवस, एस्केप रूममध्ये गेल्या होत्या. आग लागली, त्यांना बाहेर पडता आलं नाही, पाचही जणी गेल्या. आणि लांब कशाला, २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. मी अग्निशमनाच्या परवान्यांशी संबंधित काम करतो. धूर पसरायला मिनिटं लागत नाहीत, आणि अंधारात घाबरलेल्या माणसाला कडी सापडत नाही.

बिजागरी ताई, कृपा करून पुढच्या गोष्टी कराच. बाहेर पडायचं दार खेळाचा भाग नको, ते आतून कधीही, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आतल्या दारांना कुलूप हवंच असेल तर चुंबकी, वीज गेली की आपोआप सुटणारं. प्रत्येक खोलीत हिरवं बटण, आणि ते बटण प्रोग्रामला विचारणारं नको, थेट वीज तोडणारं हवं. प्रोग्राम अडकू शकतो. सजावटीला थर्माकोल आणि पडदे किती वापरलेत तेही बघा. आणि गेममास्टर (खेळावर नजर ठेवणारा माणूस) कॅमेऱ्यासमोरून उठून चहाला जाता कामा नये.

रात्रीचा_पाहुणा

कोशालिनबद्दल माहीत नव्हतं. महोत्सवातल्या त्या कडीचा विचार करून आत्ता पोटात गोळा आला. माझा प्रतिसाद मागे घेतो.

बिजागरी

@घाटपायथा, मनापासून आभार. बाहेरचं दार आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नुसतं लोटलेलं असतं, खेळ ‘बाहेर पडण्याचा’ नाहीच, ‘का गेले ते शोधण्याचा’ आहे. आतली दोन्ही कुलपं १२ व्होल्टची चुंबकी आहेत. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा ती सुटतात हे बघितलंय. बटणाचं मात्र तुम्ही म्हणता तसंच होतं: ते ईएसपी३२ ला जोडलं होतं. उद्या वायरमनला बोलावून ते थेट वीज तोडणारं करून घेते. थर्माकोलचं छत होतं स्वयंपाकघरात, तेही काढतेय.

सातूचंपीठ

माझं म्हणणं कुणाला आवडणार नाही कदाचित, तरी लिहिते.

माझी आजी माण तालुक्यातली. रोज पहाटे तीनला उठून घरातल्या अकरा माणसांचं दळण. तिच्या हाताला इथे, अंगठ्याच्या खाली, घट्टा होता, तो मरेपर्यंत गेला नाही. ओव्या ती हौसेने गात नव्हती. सासरी बोलायला कुणी नसायचं म्हणून जात्याशी बोलायची. आईची आठवण, भाऊ न्यायला आला नाही त्याचं दुःख, विठ्ठलाला केलेली तक्रार, सगळं त्यात. आता तिकीट काढून चार जण येणार, सहा फेरे मारणार आणि कप्पा उघडला म्हणून टाळी देणार. मला ते बरं वाटत नाही. दळण हा खेळ नव्हता.

पागोळी

सातूचंपीठ ताई, तुमच्या आजीचं वाचून गलबलून आलं. पण मला उलट वाटतं. त्या सहाव्या गटाबद्दल बिजागरी ताईंनी लिहिलंय ना, शेवटच्या ओवीपर्यंत कुणी हललं नाही म्हणून. माझ्या मुलीने जातं फक्त चित्रात पाहिलंय. सहा फेऱ्यांत तिचा खांदा दुखला तर आजीचे अकरा माणसांचे फेरे तिला निदान कल्पनेत तरी मोजता येतील.

टोरांटोकर

दोघींचंही बरोबर आहे असं वाटतं. त्यामुळे आवाज कुणाचा हा प्रश्न महत्त्वाचा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर त्या गायिकांच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. तिथून उचलून वाजवू नका, एवढंच माझं सांगणं. त्या बायकांनी त्या ओव्या तुमच्या खोलीसाठी दिलेल्या नाहीत.

बिजागरी

@सातूचंपीठ, तुमचा प्रतिसाद दोन दिवस मनात घेऊन फिरतेय.

ओव्या मी लिहिल्या आहेत, आवाज आमच्या शेजारच्या मावशींचा आहे. त्यांनी लग्नानंतर बारा वर्षं जात्यावर दळलंय. मानधन दिलंय आणि त्यांचं नाव प्रवेशाच्या भिंतीवर लावायचं त्यांनीच सांगितलं. तुमचं वाचून त्यांना पुन्हा विचारलं, ‘मावशी, हे खेळात ठेवलेलं बरं दिसतं का?’ त्या म्हणाल्या, “दिसतं. पण तुझ्या ओव्यांत नुसतं तुळस नि उंबरा आहे. बाई कुठाय त्यात?” मग त्यांनीच तिसरी ओवी बदलून दिली. आता ती अशी आहे:

तिसरी माझी ओवी गं, देवघराच्या दाराला
मनातलं बोलू कुणा, सांगते मी देवाला

आणि तुमचं ‘टाळी’चं म्हणणं मी धरलंय. कप्पा उघडल्यावर जे विजयाचं संगीत वाजायचं ते काढून टाकलं. आता नुसतं जातं थांबल्याचा आवाज.

सातूचंपीठ

मावशींना माझा नमस्कार सांगा. ही ओवी आजीने म्हटली असती.

डोंबिवली_फास्ट_लोकल

एक व्यवहाराचा मुद्दा. जातं जमिनीवर आहे ना? माझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, मला खाली बसता येत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं काय? आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ओवी कशी कळणार?

(आमच्या घरी आज रात्रीचं कोडं म्हणजे हा धागा वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं, ते कोण पुसणार.)

सोल्डरवाला

ऐकू न येणाऱ्यांसाठी भिंतीवरच्या चार कोनाड्यांत चार पणत्या ठेवा, एलईडीच्या. ज्या ओवीत ज्या जागेचं नाव, त्या चित्राखालची पणती उजळते. ऐकणाऱ्यालाही त्रास नाही, उलट दृश्य सुंदर दिसेल. रंगाने काही सांगू नका मात्र, लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या मित्रमंडळात निघतात.

खारवाट

जातं चौथऱ्यावर घ्या. दीड फूट. शेजारी एक बुटका पाट, एक उंच स्टूल. ज्याला जसं जमेल.

बिजागरी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. बदल सगळे झाले, काल-परवा नवे आठ गट खेळले. ज्यांनी आधी काहीच ऐकलेलं नाही असेच बोलावले होते.

आठपैकी सात गट जात्यापर्यंत आपणहून पोहोचले. पाच गटांत पहिला हात पिठाकडे गेला, खोटं आहे का बघायला बोट फिरवलं, आणि मग तोच हात खुंट्यावर. ओसरीवरच्या पाटा-वरवंट्याचा फायदा झालाच, एक मुलगी म्हणाली, ‘इथले दगड हलतात, विसरू नका.’ राहिलेल्या एका गटाला गेममास्टरने कागदाची चिठ्ठी सरकवली: ‘दळण राहिलंय.’ एवढ्यावर कळलं.

सगळ्यात मोठा फरक गुणगुणण्याने पडला. पहिला फेरा झाला की फिरवणारा थबकतो, मान वळवतो, ‘ऐकलंत का?’ म्हणतो. मग पुन्हा फिरवतो, आता हळू. एका गटात दोघं समोरासमोर बसले, दोघांनी एकाच खुंट्यावर हात ठेवला, पण लय जुळेना, एकजण ओढायचा तेव्हा दुसरा ढकलायचा. मग त्यातला एक नकळत तोंडाने ‘हं... हं...’ असा ताल धरायला लागला आणि आवाज वर आला. हे मी कुठे लिहिलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. कॅमेऱ्यावर बघताना माझा चहा गार झाला.

पावकी_निमकी काका, फडताळ एकदाही ओवीच्या आधी उघडलं नाही. चौथरा दीड फुटाचा केलाय. पुढच्या गटासाठी सगळं पुन्हा मांडायला नऊ मिनिटं लागतात, पीठ पक्कं केल्यामुळे झाडावं लागत नाही.

आता एकच अडचण: खुंटा सैल होतोय. पाळीच्या भोकात लाकडी नळी बसवलीय, तिच्यात खुंटा ठोकलाय, पण प्रत्येक गटानंतर हलायला लागतो. चिकटद्रव्य दोनदा लावून झालं.

खारवाट

इपॉक्सी?

बिजागरी

तेच लावलं होतं. पाचव्या गटाला सुटलं.

सातूचंपीठ

चिकटवू नका हो. सुती जुन्या लुगड्याची चिंधी घ्या, ओली करा, खुंट्याच्या टोकाला दोन वेढे घट्ट गुंडाळा आणि वरून ठोका. आजी तसंच करायची. सैल झाला की चिंधी बदलायची, खुंटा नाही.

बिजागरी

मावशींनी त्यांच्या नऊवारीचा काठ फाडून दिला. आज सकाळी ठोकला. तीन गट झाले, हललेला नाही.